दशावतार आणि छायाचित्रकार

कार्तिकातील जत्रा सुरू झाल्या की आमच्या टिळकवाडीतूनही काही हौशी मंडळी कॅमेरे घेऊन आंबोलीचा घाट उतरतात. त्यांनी टिपलेली दशावताराची छायाचित्रे प्रदर्शनांतून, दिनदर्शिकांवरून आणि हल्ली प्रत्येकाच्या खिशातील फोनवरही पाहावयास मिळतात. तंत्रदृष्ट्या त्यांस नावे ठेवण्यास फारशी जागा नसते. झगझगीत मुकुट, कोरलेल्या भिवया, संकासुराच्या काळ्या बुरख्यावरची तांबडी जीभ, सारे कसे रेखीव! तरीही ती पाहून दशावतार पाहिल्याचे समाधान होत नाही. असे का व्हावे?

दशावतार हे देवळाच्या उत्सवाचेच एक अंग होय. पालखी फिरून आली, की रात्री उशिरा पखवाज, पायपेटी आणि झांज यांच्या साथीवर तो उभा राहतो. आडदशावतारात गणपती येतो, सरस्वती येते, संकासूर वेद पळवितो आणि विष्णूच्या हातून मरतो. मग आख्यान लागते आणि पहाटे दहीकाल्याने सांगता होते. हाती लिखित संहिता नसते. नट संवाद उभ्या उभ्या रचतो. सिंहासन म्हणून एक लाकडी बाकडे पुरते.

आता राक्षसाचा प्रवेश पाहा. तो दणदण पावले टाकीत येतो, गिरक्या घेतो, तलवार परजतो आणि पखवाजाच्या थापेवर क्षणभर थांबतो. छायाचित्रकार नेमका तो थांबलेला क्षण उचलतो, कारण तो उचलावयास सोपा असतो. नृत्य त्या थांब्यापर्यंत येण्यात आणि तेथून निघण्यात होते. आपल्या हाती त्याचा विसावा तेवढा लागतो.

त्याहून मोठा अन्याय उजेडाचा आहे. दशावताराची रंगभूषा भडक आहे, ती दिवट्यांच्या मंद उजेडात लांब बसलेल्या माणसासही चेहरा वाचता यावा म्हणून. पुढे गॅसबत्त्या आल्या, नंतर वीज आली. पण रंग लावण्याची रीत त्या जुन्या अंधाराला धरूनच राहिली. अशा चेहऱ्यावर तीन हातांवरून फ्लॅशचा लखलखाट झाला म्हणजे घामाने ओघळलेला रंग दिसतो आणि देव विदूषकासारखा वाटू लागतो. शिवाय मागचे सारे काळ्याठिक्कर अंधारात बुडते. देऊळ नाही, दीपमाळ नाही, मांडीवर झोपलेली पोरे घेऊन बसलेल्या बायका नाहीत. राजा कोणासमोर उभा आहे तेच कळत नाही.

हा दोष केवळ कोकणात घडतो असे नाही. न्यूझीलंडमधील माओरी लोकांचा ‘हाका’ जगभर छायाचित्रांतून ओळखला जातो, आणि त्या छायाचित्रांत बहुधा एकच गोष्ट असते: वटारलेले डोळे आणि बाहेर काढलेली जीभ. परंतु माओरी नर्तकांच्या हातांना एक अखंड थरथर असते. तिला ते ‘विरी’ म्हणतात आणि तिला त्यांच्या नृत्यात मोठे मोल आहे. स्थिर चित्रात ती थरथर उतरत नाही. तेथेही जीभ सापडते आणि कंप निसटतो. संकासुराने या दूरच्या भाऊबंदाची कीव करावी!

येथे वकिलाला कायद्याची आठवण होणारच. वाचकांनी तेवढे सोसावे. आपल्या १९५७ च्या कॉपीराइट कायद्यानुसार छायाचित्राचा कर्ता म्हणजे ते घेणारा. १९९४ च्या दुरुस्तीने नर्तक, गायक, नट यांस प्रयोगावरचा स्वतंत्र हक्क मिळाला आणि २०१२ मध्ये तो अधिक विस्तारला. पण त्यातील दृश्य मुद्रणाची व्याख्या हलत्या प्रतिमांची आहे. स्थिर छायाचित्र तिच्या बाहेर राहते. म्हणजे दिनदर्शिकेवर मिरवणाऱ्या राक्षसाच्या चित्रावर, वेगळा करार नसेल तर, मुखवट्यामागच्या माणसाला या कायद्याने काही मागता येणे कठीण. बहुधा त्याचे नावही तेथे नसते. न्यूझीलंडने २०१४ मध्ये ‘का माते’ या प्रसिद्ध हाकापुरता एक छोटा कायदा केला. त्याने पैसा कोणास दिला नाही. व्यापारी प्रकाशनात त्याचा रचनाकार, नाती तोआ जमातीचा नायक ते राउपराहा, याचा उल्लेख करणे तेवढे बंधनकारक केले.

देवळात कॅमेराच नको, असे काही देवस्थानांचे मानकरी म्हणतात. मला ते पटत नाही. पन्नास वर्षांपूर्वी मुकुट कसा बांधीत, स्त्रीभूमिका करणारा नट लुगडे कसे नेसे, हे सांगणारे दुसरे साधन आपल्यापाशी कोठे आहे? १९१९ ते १९२३ या वर्षांत वेलिंग्टनच्या डोमिनियन म्युझियमच्या मोहिमांबरोबर जेम्स मॅकडोनाल्ड यांनी माओरींची नृत्ये, खेळ, हस्तकला टिपून ठेवल्या. आपिराना न्गाटा आणि ते रांगी हिरोआ या माओरी पुढाऱ्यांचा त्या कामात हात होता. त्या फिती कित्येक दशके पडून राहिल्या. १९८० नंतरच्या दशकात त्या दुरुस्त करून चित्रितांच्या वंशजांस दाखविण्यात आल्या, तेव्हा त्यांनी पडद्यावर आपली माणसे ओळखली.

आमच्या हौशी मंडळींकडून मागणे फार नाही. फ्लॅश पेटीत राहू द्यावा. आहे त्या उजेडात झडप जरा सावकाश मिटू द्यावी, गिरकी पुसट आली तर येऊ द्यावी. अशा पुसट चित्रात मला अनेकदा पखवाज ऐकू आला आहे. पायपेटीवाल्याच्या बाजूने उभे राहिल्यास नटामागे लोक दिसतात, तेही सोडू नयेत. आणि चित्राखाली ‘कोकणची लोककला’ असे मोघम न छापता कंपनीचे, नटाचे आणि ज्या देवळात खेळ झाला त्याचे नाव घालावे, एक प्रत कंपनीस पाठवावी. ज्या पेटाऱ्यात मुकुट आणि तलवारी गावोगाव फिरतात, त्यात एका पाकिटास जागा सहज होते.