बुशिदो आणि बुद्धधम्म : एका प्रसिद्ध ग्रंथाची चिकित्सा

जपान हे बौद्ध राष्ट्र, सामुराई हा जपानी संस्कृतीचा मुकुटमणी. तेव्हा सामुराईची आचारसंहिता ही बुद्धधम्माचीच देणगी असली पाहिजे, असे अनुमान आपल्या सुशिक्षित तरुणांत रुजलेले आढळते. व्याख्यानानंतर हा प्रश्न आम्हांस अनेकदा विचारला जातो, आणि विचारणाऱ्याच्या स्वरात बहुधा अभिमान असतो. या अनुमानाचा माग काढीत गेल्यास एका लहानशा ग्रंथापाशी येऊन थांबावे लागते. इनाझो नितोबे यांचा, १९०० साली अमेरिकेत प्रसिद्ध झालेला 'बुशिदो : जपानचा आत्मा' हा तो ग्रंथ होय. प्रस्तुत लेखात आम्ही या ग्रंथातील एकाच दाव्याची पालि वाङ्मयाच्या कसोटीवर चिकित्सा करणार आहोत. तो दावा असा की, योद्ध्याच्या या धर्माचा एक मूलस्रोत बौद्धमत आहे.

प्रथम ग्रंथकाराला न्याय दिला पाहिजे. नितोबे १८६२ मध्ये मोरिओका येथे सामुराई कुळात जन्मले. त्यांच्या बालपणीच, १८६८ मध्ये, तोकुगावा राजवट कोसळली. १८७६ च्या आज्ञेने सामुराईंचा तलवार बाळगण्याचा अधिकारही गेला. तरुणपणी ते ख्रिस्ती झाले व पुढे क्वेकर पंथात गेले. धर्मशिक्षणाशिवाय तुमच्याकडे नीती शिकवतात तरी कशी, या एका बेल्जियन पंडिताच्या प्रश्नाचे उत्तर म्हणून त्यांनी हा ग्रंथ इंग्रजीत लिहिला. न्यायनिष्ठा, धैर्य, दया, विनय, सत्य, प्रतिष्ठा आणि स्वामिनिष्ठा या गुणांचे त्यांनी केलेले विवेचन प्रसन्न आहे. पाश्चात्त्यांच्या दर्पासमोर एका आशियाई विद्वानाने ताठ मानेने उभे राहावे, याचे मोल आम्ही कमी लेखत नाही.

परंतु आत्मगौरवासाठी लिहिलेला ग्रंथ हा इतिहास ठरत नाही. 'बुशिदो' हा शब्द जुन्या जपानी वाङ्मयात सापडतो खरा, पण विरळ. सर्व योद्ध्यांना मान्य अशी एकसंध संहिता कधी अस्तित्वात नव्हती. बेसिल हॉल चेंबरलेन यांनी १९१२ मध्येच या कल्पनेला नवा शोध म्हटले होते. त्यांच्या विधानात अतिशयोक्ती होती. तथापि ओलेग बेनेश यांनी २०१४ च्या आपल्या ग्रंथात आधुनिक बुशिदोची घडण मुख्यतः मेइजी काळात झाली हे साधार दाखविले आहे. ज्या 'हागाकुरे'ला या परंपरेचे सार मानतात, त्याचे कथनकर्ते यामामोतो त्सुनेतोमो १६५९ मध्ये जन्मले. शिमाबाराचे बंड १६३८ मध्येच मोडून निघाले होते. त्यांनी रणांगण पाहिले नाही. १७०० मध्ये धनी वारल्यावर त्यामागे मरण्यास बंदी असल्याने त्यांनी मुंडन करून एकांत स्वीकारला. मरणाचे हे प्रसिद्ध स्तोत्र शांततेच्या काळातील एका निवृत्त सेवकाचे आहे, हे विसरता कामा नये.

आता मूळ दाव्याकडे वळू. नितोबे यांच्या मते बौद्धमताने योद्ध्याला दैवावर शांत विश्वास, अटळापुढे नमते घेण्याची वृत्ती, जीविताविषयी तुच्छता आणि मरणाशी सख्य दिले. यातील एकही गोष्ट तथागतांच्या उपदेशात बसत नाही. दैववाद हे मक्खलि गोसालाचे मत होते. केसांची घोंगडी जशी थंडीत थंड व उन्हात उष्ण, म्हणून सर्व वस्त्रांत निकृष्ट, तसे हे मत सर्व मतांत निकृष्ट होय, असे अंगुत्तरनिकायात तथागत सांगतात. कारण कर्म नाही, वीर्य नाही असे म्हणणारा मनुष्याचा पुरुषार्थच हिरावून घेतो. जीविताच्या तुच्छतेविषयी तर विनयपिटकाचा निर्णय अधिकच कठोर आहे. मनुष्यहत्या करणारा भिक्खू पाराजिक ठरतोच. पण दुसऱ्यासमोर मरणाची स्तुती करून त्याला मरणास प्रवृत्त करणाराही त्याच तिसऱ्या पाराजिकात येतो. ज्या संघात मरणाचे गुणगान हा बहिष्काराला पात्र अपराध आहे, त्या संघाच्या धम्मातून मरणस्तुतीची संहिता निघाली असे म्हणणे धाडसाचे आहे.

यावर झेनचे अभिमानी म्हणतील की, योद्ध्याने झेनकडून चित्ताची स्थिरता घेतली. हे म्हणणे निराधार नाही. सतराव्या शतकात ताकुआन या झेन भिक्षूने खड्गविद्येचे आचार्य याग्यू मुनेनोरी यांना अचल चित्ताविषयी पत्ररूपाने उपदेश केला. चित्त कोठेही अडकू न देण्याचे तत्त्व त्याने तलवारीच्या उदाहरणांनी समजाविले. अडचण येथेच आहे. अभिधम्मानुसार एकाग्रता हा चेतसिक सर्व चित्तांत असतो, कुशलात जसा तसाच अकुशलातही. नेम धरणारा शिकारीही एकाग्र असतोच. अष्टांगिक मार्गात सम्यक् समाधी आठवी आहे. तिच्यापूर्वी सम्यक् दृष्टी, सम्यक् कर्मान्त व सम्यक् आजीव यांच्या पायऱ्या आहेत. शीलापासून तोडलेली समाधी केवळ कौशल्य उरते, आणि कौशल्य ज्याच्या हाती असेल त्याचे ते चाकर होते.

योद्ध्याविषयी तथागतांचे मत गूढ नाही. संयुत्तनिकायात योधाजीव नावाचा गामणी विचारतो की, रणात लढता लढता मरणारा स्वर्गाला जातो असे आमचे पूर्वाचार्य सांगतात, ते खरे काय? तथागत दोनदा उत्तर टाळतात. तिसऱ्यांदा आग्रह झाल्यावर सांगतात की, शत्रू मरावेत अशा हीन चित्ताने मरणाऱ्याची गती दुर्गती होय. गामणी रडू लागतो. दुर्गतीच्या भयाने नव्हे, तर इतका काळ आपली फसवणूक झाली म्हणून. महावग्गात याहून बोलका प्रसंग आहे. बिंबिसाराचे नामांकित योद्धे, युद्धात आपल्या हातून पाप घडते या विचाराने सैन्य सोडून प्रव्रजित झाले. राजाच्या तक्रारीवरून पुढे राजसेवकांना प्रव्रज्या देणे थांबविण्यात आले. धम्म ऐकून योद्ध्याला काय वाटत असे, याचा हा पुरावा आहे.

प्रतिष्ठेचा प्रश्न आम्हांस सर्वांत महत्त्वाचा वाटतो. सामुराईची प्रतिष्ठा कोणाच्या खर्चाने उभी होती? १५८८ मध्ये हिदेयोशीने शेतकऱ्यांची शस्त्रे काढून घेतली. पुढे उद्धट वागणाऱ्या सामान्य जनास काही अटींखाली जागीच कापण्याची मुभा सामुराईला मिळाली. या उतरंडीच्या तळाशी, तिच्या बाहेरच म्हणा, 'एता' व 'हिनिन' ठरविलेले लोक होते. मेलेली जनावरे ओढणे व कातडे कमावणे ही 'एतां'ची जन्मजात कामे. १८७१ च्या आज्ञेने ही नावे रद्द झाली, कलंक मात्र राहिला, म्हणून १९२२ मध्ये क्योतो येथे त्यांनी 'सुइहेइशा' ही समतेची संघटना स्थापिली. बौद्ध मंदिरांनीही या समाजातील मृतांना अपमानकारक मरणोत्तर नावे दिली. १९७९ मध्ये एका जागतिक धर्मपरिषदेत सोतो पंथाच्या प्रतिनिधीने असा भेदभाव जपानात नाहीच असे सांगितले. त्या पंथाला पुढे ती चूक कबूल करावी लागली. आमच्या वाचकांना हे वर्णन परके वाटणार नाही. ज्या प्रतिष्ठेला जन्म लागतो, ती वसलसुत्ताच्या कसोटीवर प्रतिष्ठाच नव्हे.

येथे कोणी म्हणेल की, आपणही शौर्याचा वारसा सांगतो. सुभेदार रामजींचे पुत्र डॉ. बाबासाहेब आंबेडकर १ जानेवारी १९२७ रोजी कोरेगावच्या स्तंभाला मानवंदना देण्यास गेले होते. हा आक्षेप आम्ही गांभीर्याने घेतो. मात्र ज्यांना माणूस म्हणूनच नाकारले गेले, त्यांनी आपल्या पराक्रमाची आठवण ठेवणे आणि ज्यांनी इतरांना नाकारले, त्यांनी तलवारीला धर्म म्हणणे, या दोन गोष्टी एक नव्हेत. बाबासाहेबांनी 'बुद्ध आणि त्यांचा धम्म' या ग्रंथात अहिंसेला नियम न मानता तत्त्व मानले, आणि मारण्याची इच्छा व मारण्याची गरज यांत भेद केला. तत्त्व म्हटले की प्रत्येक वेळी विवेक करणे आले. धन्याचा शब्द हीच अंतिम आज्ञा मानणाऱ्या स्वामिनिष्ठेत या विवेकाला जागा नाही. सिगालोवादसुत्तात मालक व सेवक यांची कर्तव्ये परस्पर आहेत. एकतर्फी निष्ठा तेथे सांगितलेली नाही.

मग जपानच्या इतिहासात आदराने आठवावे असे कोणी नाही काय? आहेत. ११८४ मध्ये इचिनोतानीच्या लढाईत कुमागाई नाओझाने याने आपल्या मुलाच्या वयाच्या आत्सुमोरीचे शिर कापले, आणि पुढे तो होनेन यांचा शिष्य झाला. इतिहासकार जमिनीच्या दाव्याचेही कारण देतात. पण जपानी लोकमनाने स्मरण ठेवले ते त्याच्या पश्चात्तापाचे. उचियामा गुदो हा सोतो भिक्षू कुळांच्या बाजूने व युद्धाविरुद्ध बोलला. १९११ मध्ये त्याला फाशी झाली. पंथाने त्याचे भिक्षुपद आधीच काढून घेतले होते, ते १९९३ मध्ये परत केले. त्याच्या आदल्या वर्षी, १९९२ मध्ये, याच पंथाने युद्धकाळातील सहकार्याबद्दल जाहीर क्षमायाचना केली होती.

नितोबे यांचा ग्रंथ अवश्य वाचावा. तो जपानच्या एका पिढीच्या मनाचा आरसा आहे. त्यात बुद्धधम्म मात्र शोधू नये. जपानी योद्ध्याकडून काही घ्यायचेच असेल, तर ते कुमागाईने तलवार खाली ठेवल्यानंतरच्या आयुष्यातून घ्यावे, असे आमचे नम्र मत आहे.