हत्तीण, सिमकार्ड आणि हाती न येणारा आकडा

टेक्नॉलॉजी आणि इंटरनेटच्या गमतीशीर बातम्यांमध्ये आमच्या शिरोळ तालुक्याचं नाव सहसा येत नाही. ऑगस्ट २०२५ मध्ये आलं, तेही एका ओळीत: 'हत्तिणीसाठी लोकांनी सिम बदललं.' वाचायचं, हसायचं, पुढे सरकायचं. तुम्हीही बहुधा तेच केलं असेल. पण कुरुंदवाडच्या बाजूने बघितलं, तर त्या एका ओळीत बरंच काही सुटलंय.

आधी घटना थोडक्यात. नांदणीच्या जैन मठात माधुरी, कागदोपत्री महादेवी, ही हत्तीण १९९२ पासून होती. तिच्या तब्येतीबद्दल आणि तिला ठेवण्याच्या पद्धतीबद्दल पेटा इंडियाने तक्रार केली. प्रकरण उच्चाधिकार समितीकडे गेलं आणि समितीने तिला जामनगरच्या वनतारात हलवायला सांगितलं. १६ जुलै २०२५ ला मुंबई उच्च न्यायालयाने तो निर्णय कायम ठेवला, २८ जुलैला सर्वोच्च न्यायालयानेही मठाला दिलासा दिला नाही. हत्तीण गेली. वनतारा रिलायन्सचं, जिओही रिलायन्सचं. मग गावोगावी 'जिओ बायकॉट' सुरू झालं. ३ ऑगस्टला नांदणीहून कोल्हापूरपर्यंत सुमारे ४५ किलोमीटरची मूक पदयात्राही निघाली.

आता बातम्यांकडे येऊ. जवळपास सगळ्यांचा जोर एकाच प्रश्नावर होता: किती जणांनी नंबर पोर्ट केला? कुणी काही हजार सांगितले, कुणी लाखाच्या वर गेलं. हा आकडा तपासायचा कसा, हे मात्र फारसं कुणी विचारलं नाही. ट्राय दर महिन्याला पोर्टिंगच्या विनंत्यांचे आकडे देते, पण ते सर्कलनुसार. आपलं सर्कल म्हणजे मुंबई सोडून सगळा महाराष्ट्र, अधिक गोवा. एवढ्या मोठ्या हौदात एका तालुक्याची घागर ओतली, तर पातळी वाढलेली दिसणार कशी? म्हणजे मोठा आकडा सांगणारा आणि 'काहीच फरक पडला नाही' म्हणणारा, दोघांकडेही जाहीर पुरावा नाही.

मग या घटनेत अभ्यासण्यासारखं काय उरतं? माझ्या मते, कृतीचं स्वरूप.

अल्बर्ट हर्शमन या अर्थशास्त्रज्ञाचं १९७० चं एक गाजलेलं पुस्तक आहे, 'एक्झिट, व्हॉइस अँड लॉयल्टी'. त्याचं म्हणणं साधं आहे. एखाद्या संस्थेवर नाराज झालेल्या माणसाकडे दोन वाटा असतात: सोडून जाणं किंवा आवाज उठवणं. नायजेरियातल्या रेल्वेचं उदाहरण त्याने दिलंय. सेवा बिघडली तशी तक्रार करू शकणारी गिऱ्हाइकंच ट्रककडे गेली, आणि रेल्वेला सुधारायला लावणारं कुणी उरलं नाही. सोडून जाणारा सहसा गुपचूप जातो.

आपल्याकडे उलटं झालं. लोकांनी सोडून जाण्याचाच आवाज केला. १९०० वर पाठवलेल्या मेसेजचा स्क्रीनशॉट स्टेटसला ठेवला. शिवाय तक्रार नेटवर्कबद्दल नव्हतीच, रेंज चांगलीच होती! राग होता समूहाच्या दुसऱ्या कामावर, आणि हाताशी असलेली वस्तू होती सिम. हर्शमनच्या चौकटीत ही गोष्ट नीट बसत नाही, म्हणूनच ती मला महत्त्वाची वाटते.

हे शक्य झालं, कारण २० जानेवारी २०११ पासून देशभर नंबर तोच ठेवून कंपनी बदलता येते. त्याआधी कंपनी सोडायची म्हणजे पाहुण्यारावळ्यांकडे, गिऱ्हाइकांकडे असलेला नंबरही सोडायचा. आता ते सोपं आहे, पण फुकट नाही. दुकानात जायचं, आधार दाखवायचं, नवं सिम घ्यायचं. आणि एकदा गेलात की ९० दिवस पुन्हा पोर्ट करता येत नाही. ६ ऑगस्टला वनताराने माधुरीच्या परतीला सहकार्य करायची आणि नांदणीजवळ पुनर्वसन केंद्र उभारायची तयारी दाखवली, तरी पोर्ट केलेला माणूस नोव्हेंबरपर्यंत अडकलेलाच! हॅशटॅग पुसता येतो, हे येत नाही. त्यामुळे 'लोक नुसते ट्रेंडमध्ये वाहून गेले' हा शेरा मला पटत नाही.

पण आपल्या बाजूचीही चिकित्सा करायला हवी. सिमची गोष्ट इतकी रंगली, की हत्तिणीची गोष्ट मागे पडली. तिच्या पायांचे विकार, संधिवात यांच्या नोंदी अहवालांत होत्या. उच्च न्यायालयाने धार्मिक वापराच्या हक्कापेक्षा तिच्या चांगल्या जगण्याला वजन दिलं. ते चूक वाटत असेल, तर त्याला उत्तर वैद्यकीय भाषेत द्यावं लागतं. पोर्टिंगच्या मेसेजमधून 'ती आमची आहे' एवढंच सांगता येतं, 'ती कशी आहे' ते सांगता येत नाही.

आंदोलनाचा दाब मात्र खरा होता. राज्य सरकारला भूमिका घ्यावी लागली, वनताराला निवेदन काढावं लागलं. कंपनीने किती ग्राहक गमावले यावरून हे यश मोजू नका. यापुढे 'अमुक इतक्यांनी बायकॉट केलं' अशी बातमी दिसली, की तीन गोष्टी विचारा: हा आकडा कुणी मोजला, त्या कृतीची किंमत करणाऱ्याला काय पडली, आणि ज्याच्यासाठी हे सगळं चाललंय तो त्या बातमीत कुठे आहे?