फ्रिजमधली फूलगोभी

फ्लॉवर, म्हणजे इकडची फूलगोभी, आमच्या घरी येत नाही. तुऱ्यांत दडलेले जीव कितीही धुतले तरी निघत नाहीत, म्हणून कितीतरी जैन घरांत ती वर्ज्यच. ठाण्याच्या प्राजक्ता पोतनीस यांच्या 'कॅप्सूल' मालिकेतल्या छायाचित्रात ती फ्रीजरच्या बर्फात उभी दिसली. ती अणुस्फोटाच्या ढगासारखी भासते, असं त्यावर म्हटलं जातं. मला जरा हसूच आलं. हिंसा आपल्याला त्यात आधीच दिसली होती की!

पण हे काम हसण्यावारी नेण्यासारखं नाही. त्यांच्या 'किचन डिबेट'मागे 1959 सालचा मॉस्कोतला वाद आहे. अमेरिकन प्रदर्शनातल्या नमुन्याच्या स्वयंपाकघरात निक्सन आणि ख्रुश्चेव्ह हुज्जत घालत होते. यंत्रं बायकांची, भांडण पुरुषांचं.

देवासला आमच्याकडे फ्रिज आला तेव्हाही वाद झाला, तो मात्र बायकांचाच. सासूबाई म्हणाल्या, पिठाची मर्यादा पावसाळ्यात 3 दिवस, उन्हाळ्यात 5, हिवाळ्यात 7. मग ह्या पेटीत ऋतू कोणता धरायचा? दूध नासणार नाही, एवढंच मी पुटपुटले. उत्तर माझ्याकडे नव्हतं. या छायाचित्रांपुढे तोच प्रश्न परत आला. तिथे ना सकाळ, ना संध्याकाळ, ना चैत्र. भाजी ताजी दिसते, पण ताजी नसते. एवढा थंड खोटेपणा नुसत्या उजेडातून उभा करणं, ही या बाईंची खरी ताकद. बॉम्बची आठवण नसती तरी चाललं असतं.

बीजिंगच्या होंग हाओ यांनी 2001 पासून 'माझ्या वस्तू' ही मालिका केली. रोजच्या वापरातली एकेक वस्तू स्कॅनरवर ठेवायची आणि संगणकावर त्या प्रतिमा शेजारी शेजारी दाटीने मांडायच्या. आपल्या परिग्रह-परिमाण व्रतासारखी मोजदाद, फक्त परिमाण नाही! माणूस किती जमवतो ते तिथे दिसतं. पोतनीसांकडे दिसतं, तो किती दिवस धरून ठेवतो.

माझी तक्रार एकच. या फ्रिजचं दार उघडणारा हात कुठे आहे? धारला माहेरी भावजय डबा उघडून आधी वास घेते, मग माझ्याकडे बघते, मग झाकण लावते. सासूबाई होत्या तोवर मी डब्यांवर वार लिहून चिठ्ठी चिकटवायची. आता लिहीत नाही. कालची डाळ माझ्याही फ्रिजमध्ये असते. असला एक डबा मी त्या चित्रांत शोधत होते.