शैलीचा आग्रह नसलेला शिक्षक : ना. श्री. बेंद्रे यांची चित्रकला आणि बडोद्याची सोळा वर्षे

नारायण श्रीधर बेंद्रे (१९१०-१९९२) यांच्याविषयी बोलताना कलासमीक्षक बहुधा दोन वाक्ये एकापाठोपाठ उच्चारतात. पहिले असे, की ते स्वातंत्र्योत्तर काळातील थोर कलाशिक्षक होते. दुसरे असे, की चित्रकार म्हणून त्यांना स्वतःची अशी एक शैली कधी सापडली नाही. पहिल्या वाक्यात गौरव आहे, दुसऱ्यात सौम्य तक्रार आहे. आणि या दोहोंचा परस्परांशी काही संबंध असावा असे सहसा कोणी सुचवीत नाही. प्रस्तुत लेखात या संबंधाचाच विचार करावयाचा आहे. जो चित्रकार स्वतः एका रीतीत स्थिर झाला नाही, त्याच्या वर्गातून एकमेकांशी अजिबात न जुळणारे चित्रकार बाहेर पडले, ही गोष्ट केवळ योगायोगाची मानता येत नाही. त्याचबरोबर या उदारतेची किंमत बेंद्रे यांच्या स्वतःच्या चित्रांनी मोजली, हेही नाकारता येत नाही.

बेंद्रे यांचा जन्म २१ ऑगस्ट १९१० रोजी इंदूर येथे एका मराठी कुटुंबात झाला. होळकरांचे इंदूर हे त्या काळी मराठी भाषेचे आणि कलांचे एक जिवंत केंद्र होते. तेथील चित्रशाळेत दत्तात्रेय दामोदर देवळालीकर हे शिक्षक होते. त्यांच्या हाताखालून बेंद्रे, विष्णु चिंचाळकर, दे. ज. जोशी यांसारखे चित्रकार घडले. मकबूल फिदा हुसेन यांचाही काही काळ त्या शाळेशी संबंध आला. देवळालीकरांचे वैशिष्ट्य असे सांगितले जाते, की ते विद्यार्थ्यांना वर्गाबाहेर काढीत. माळव्याच्या उघड्या उन्हात बसून निसर्गचित्र रंगविणे, सावलीत काळा न वापरता रंग शोधणे, हे इंदूरच्या विद्यार्थ्यांच्या अंगवळणी पडले. मुंबईच्या सर ज. जी. कला शाळेतील तत्कालीन काटेकोर रेखनाच्या तुलनेत हा ढिलेपणा वाटला असेल. पण बेंद्रे यांच्या रंगातील जो उबदारपणा शेवटपर्यंत टिकला, त्याचे मूळ येथे आहे. शिक्षक कसा असावा याचा पहिला धडाही त्यांना येथेच मिळाला असावा.

मुंबईची शासकीय कलापदविका त्यांनी १९३३ मध्ये संपादन केली. बॉम्बे आर्ट सोसायटीचे रौप्यपदक १९३४ मध्ये आणि सुवर्णपदक १९४१ मध्ये त्यांना मिळाले. मधल्या काळात, १९३६ ते १९३९, ते काश्मीरच्या पर्यटक कार्यालयात चित्रकार-पत्रकार म्हणून नोकरीस होते. १९४५ मध्ये ते शांतिनिकेतनात राहिले. तेथे नंदलाल बोस, रामकिंकर बैज आणि विनोदबिहारी मुखर्जी यांचा सहवास त्यांना लाभला. १९४८ मध्ये न्यूयॉर्क येथील विंडरमियर गॅलरीत त्यांचे प्रदर्शन भरले. चाळिशी गाठण्यापूर्वी त्यांनी पाश्चात्य वास्तववादी शिक्षण, दृक्प्रत्ययवादी निसर्गचित्रण, बंगालची देशी परंपरा आणि युरोप-अमेरिकेतील आधुनिक प्रयोग या चारही प्रवाहांत हात बुडविला होता. त्या पिढीतील फार थोड्या चित्रकारांना ही संधी मिळाली होती. बेंद्रे यांनी मात्र यांपैकी कोणत्याही प्रवाहाची दीक्षा घेतली नाही.

१९५० मध्ये ते बडोद्याच्या महाराजा सयाजीराव विद्यापीठात चित्रकला विभागाचे प्रमुख म्हणून रुजू झाले. या घटनेचे महत्त्व कळण्यासाठी त्या विद्यापीठाची पार्श्वभूमी ध्यानात घ्यावी लागते. सयाजीराव गायकवाड यांनी १८९० मध्ये कलाभवनाची स्थापना करून हस्तकौशल्य व तंत्रशिक्षणाचा पाया घातला होता. दादासाहेब फाळके हे तेथील विद्यार्थी. १९४९ मध्ये विद्यापीठ झाले आणि कुलगुरू हंसाबेन मेहता यांच्या कारकिर्दीत ललित कलांची स्वतंत्र विद्याशाखा सुरू झाली. चित्रकलेचे शिक्षण पदविकेपुरते न ठेवता पदवी व पदव्युत्तर पातळीवर नेणे हे भारतात नवे होते. मार्कंड भट्ट यांनी आरंभीची घडी बसविली, शिल्पकलेसाठी शंखो चौधुरी आले आणि १९५१ पासून के. जी. सुब्रमण्यन् अध्यापन करू लागले. चौधुरी व सुब्रमण्यन् हे दोघेही शांतिनिकेतनचे. अशा मंडळींत बेंद्रे यांची भूमिका सिद्धांत मांडणाऱ्याची नव्हती, ती हाताने करून दाखविणाऱ्याची होती.

विद्यार्थ्यांसमोर प्रत्यक्ष चित्र रंगवून दाखविणे हा त्यांच्या अध्यापनाचा गाभा होता. जलरंग, तैलरंग, टेम्परा, मुद्राचित्रण अशी विविध माध्यमे ते सारख्याच सहजतेने हाताळीत. आपल्याकडे प्रात्यक्षिक देणारा शिक्षक बहुधा स्वतःची हातोटीच विद्यार्थ्यांच्या हाती देतो, आणि मग वर्गाच्या वार्षिक प्रदर्शनात गुरूच्या वीस-पंचवीस फिक्या प्रती टांगलेल्या दिसतात. बेंद्रे यांच्याबाबत हे का घडले नाही? याचे एक उत्तर असे, की हुबेहूब प्रत करण्यासारखा एकच एक नमुना त्यांनी विद्यार्थ्यांपुढे ठेवला नाही. आज घनवादी रचना, उद्या चिनी धर्तीचे शाईचे फटकारे, परवा निखळ निसर्गचित्र. जो विद्यार्थी अनुकरण करू पाहील त्याला नेमके कशाचे अनुकरण करावे हाच प्रश्न पडला असता.

विद्यार्थ्यांची नामावली या संदर्भात पुरेशी बोलकी आहे. शांती दवे यांनी जाड पोताच्या अमूर्त चित्रांची वाट धरली. ज्योती भट्ट मुद्राचित्रकार झाले आणि पुढे ग्रामीण व आदिवासी भिंतीचित्रे, रांगोळ्या यांचे छायाचित्रण त्यांनी अनेक वर्षे केले. काश्मीरहून आलेले गुलाम रसूल संतोष तंत्रप्रतीकांकडे वळले. गुलाम मोहम्मद शेख यांनी कथनपर चित्रकलेचा पुनर्विचार केला आणि त्याबरोबर गुजराती कविताही लिहिली. रतन पारिमू यांनी कलेतिहासकार म्हणून नाव मिळविले, तर हिम्मत शाह यांची ख्याती भाजलेल्या मातीच्या मस्तकशिल्पांमुळे झाली. एकाच विभागातून, एका दशकाच्या अंतरात, इतक्या भिन्न प्रकृतीचे कलावंत निघाल्याचे दुसरे उदाहरण त्या काळात सहजासहजी आढळत नाही.

यावर एक आक्षेप घेता येईल. हे वैविध्य एकट्या बेंद्रे यांचे श्रेय नव्हे. सुब्रमण्यन् यांचा लोककलांविषयीचा आस्थापूर्ण विचार आणि विद्यार्थ्यांना पुढे मिळालेले परदेशी शिक्षण यांचाही त्यात वाटा होता. शेख १९६३ ते १९६६ या काळात लंडनच्या रॉयल कॉलेज ऑफ आर्टमध्ये होते. भट्ट यांनी नेपल्स व न्यूयॉर्क येथे अभ्यास केला. हा आक्षेप रास्त आहे. शिवाय १९५६ मध्ये स्थापन झालेल्या 'बरोडा ग्रुप'च्या आरंभीच्या कामात घनवादाची एक सामाईक छटा दिसते आणि ती बेंद्रे यांच्याकडूनच आली, हेही मान्य करावे लागते. परंतु ही छटा अंगात भिनली नाही. पाच-दहा वर्षांत प्रत्येकाने ती अंगरख्यासारखी उतरवून ठेवली, आणि त्यासाठी कोणालाही गुरूशी भांडावे लागले नाही. उतरविता येण्याजोगा प्रभाव देणे ही कलाशिक्षणातील दुर्मीळ गोष्ट होय.

याच काळातील त्यांची चित्रे पाहू लागले म्हणजे मात्र प्रश्न अवघड होतो. 'काटा' आणि 'सूर्यफूल' ही दोन्ही चित्रे १९५५ मधील. त्याच वर्षी त्यांना राष्ट्रीय पुरस्कारही मिळाला. पायात रुतलेला काटा हा विषय भारतीय शिल्पाला परिचित आहे. बेंद्रे यांनी त्याला घनवादी पातळ्यांत बसविले. रचना निर्दोष आहे, रंगांचा तोल सांभाळलेला आहे. पण पिकासो व ब्राक यांच्या आरंभीच्या घनवादात वस्तू फोडण्यामागे जी निकड होती, पाहण्याच्या रीतीवरच जो अविश्वास होता, तो येथे जाणवत नाही. आकृतीला कोन पडले आहेत, तरी ती आतून दुखावलेली नाही. पुष्कळदा असे वाटते की बेंद्रे एखादी शैली स्वीकारतात ती तिच्यात राहण्यासाठी नव्हे, तर ती कशी चालते हे समजून घेण्यासाठी. आणि समजली की त्यांचे कुतूहल संपते. ही वृत्ती उत्तम शिक्षकाची आहे. चित्रकाराला काही वेळा न समजलेल्या गोष्टीपाशी अडून राहावे लागते.

येथे मुंबईच्या शंकर पळशीकरांची आठवण होणे स्वाभाविक आहे. १९६८ ते १९७५ या काळात ते सर ज. जी. कला शाळेचे अधिष्ठाता होते. तय्यब मेहता, अकबर पदमसी यांच्यापासून प्रभाकर कोलते यांच्यापर्यंत अनेकांनी त्यांचे ऋण मानले आहे. पळशीकरांचा भर भारतीय लघुचित्रांच्या रंगविचारावर आणि तत्त्वचिंतनावर होता. ते विद्यार्थ्याला एका दिशेने खोल नेऊ पाहत, बेंद्रे त्याला अनेक दारे उघडून दाखवीत. यांत श्रेष्ठ-कनिष्ठ ठरविण्याचे कारण नाही. परंतु परिस्थितीतील एक भेद नजरेआड करता येत नाही. कर्जत किंवा खोपोलीचा चित्रकलेची ओढ असलेला विद्यार्थी एलिमेंटरी-इंटरमिजिएटच्या परीक्षा देऊन पहाटेची लोकल पकडतो आणि छत्रपती शिवाजी महाराज टर्मिनसजवळच्या त्या जुन्या दगडी इमारतीत पोहोचतो. त्याचे शिक्षण दीर्घ काळ इतर ज्ञानशाखांपासून तुटलेले राहिले. सर ज. जी. ला अभिमत विद्यापीठाचा दर्जा मिळाला तो २०२३ मध्ये. बडोद्यात चित्रकलेचा विद्यार्थी १९५० पासूनच विद्यापीठाचा घटक होता, आणि कलेतिहास हा त्याच्या अभ्यासाचा गंभीर भाग होता. आपल्या बहुतेक महाविद्यालयांत कला नावाची शाखा असते पण तिच्यात चित्रकला नसते, ही विसंगती आपल्याला आता खटकेनाशी झाली आहे.

१९५९ मध्ये बेंद्रे अधिष्ठाता झाले. प्रशासनाचे काम चित्रकाराचा वेळ खाते हे सांगण्यासाठी प्राध्यापकांना वेगळ्या पुराव्याची गरज नाही. १९६६ मध्ये त्यांनी विद्यापीठाचा राजीनामा दिला आणि मुंबईत येऊन ते पूर्णवेळ चित्रे काढू लागले. वयाच्या छप्पन्नाव्या वर्षी, निवृत्तीपूर्वीच, सुस्थिर पद सोडणे हा निर्णय साधा नव्हता. शिकविण्याच्या ओघात ज्या एकाग्रतेला त्यांनी वाव दिला नव्हता, ती त्यांना आता हवी असावी असे त्यांच्या पुढील कामावरून अनुमान करता येते.

कारण मुंबईच्या काळात त्यांनी प्रथमच एक रीत दीर्घकाळ धरून ठेवली. ही बिंदुवादाची रीत. बाजाराला निघालेल्या स्त्रिया, गुरे, झाडांखालची वस्ती अशा विषयांवर रंगांचे असंख्य लहान ठिपके. सराने बिंदूंचा वापर रंगांच्या दृष्टिमिश्रणाच्या शास्त्रीय सिद्धांतासाठी केला होता. बेंद्रे यांना त्या शास्त्राशी फारसे कर्तव्य नव्हते. त्यांचे बिंदू विणकामातील टाक्यांसारखे आहेत. ही चित्रे लोकप्रिय झाली, त्यांना मागणी आली, आणि त्यांतील कित्येक चित्रे गोड होऊन बसली हे स्पष्ट म्हटले पाहिजे. ग्रामीण स्त्रीच्या चेहऱ्यावरचा श्रम त्या ठिपक्यांत विरघळून जातो. १९६९ मध्ये पद्मश्री आणि १९९२ मध्ये पद्मभूषण हे सन्मान त्यांना लाभले. त्याच वर्षी त्यांचे निधन झाले.

तरीही या उत्तरकालीन चित्रांपैकी जी आकृतींपासून दूर सरकली आहेत, जेथे केवळ शेत, पाणी किंवा दुपारचे ऊन उरते, तेथे काही वेगळे घडते. बिंदू तेथे अलंकार राहत नाहीत. सावलीत निळा आणि जांभळा शोधणारा इंदूरच्या चित्रशाळेतील विद्यार्थी त्या फलकांवर पुन्हा दिसतो, आणि या खेपेस त्याला ते कोणाला शिकवून दाखवावयाचे नसते.