कोरी जागा हासुद्धा डेटा असतो: वेनहॅस्टनचं चित्र

संशोधनाची तयारी करताना तुम्ही 'काय दिसतंय' याच्या नोंदी करायला शिकता. काय दिसत नाही, आणि ते नेमक्या कुठल्या आकारात दिसत नाही, हे मात्र फारसं कुणी विचारत नाही. आज त्यासाठी एक चित्र वाचूया.

इंग्लंडच्या सफोक परगण्यात वेनहॅस्टन नावाचं गाव आहे. तिथल्या सेंट पीटर या मध्ययुगीन पॅरिश चर्चमध्ये, म्हणजे गावाच्या रोजच्या उपासनेच्या चर्चमध्ये, लाकडी फळ्यांवर रंगवलेलं अंतिम न्यायाचं चित्र आहे. काळ साधारण 1500 च्या आसपासचा. अशा चित्राला तिकडे 'डूम' म्हणतात. वर इंद्रधनुष्यावर बसलेला ख्रिस्त, खाली तराजूत आत्मे तोलणारा मायकेल आणि त्याच्यासमोर सैतान. एका टोकाला नरकाचा भलामोठा जबडा, तर दुसरीकडे सेंट पीटर काही जणांचं स्वागत करतोय. त्यात राजा, राणी, धर्मगुरू आहेत. अंगावर कपडा नाही, डोक्यावर फक्त मुकुट आणि टोप्या! चित्रकाराचा हात फार सफाईदार नाही, पण ही कल्पना धीट आहे.

या चित्राची एक गोष्ट सगळीकडे सांगितली जाते. धर्मसुधारणेच्या काळात चित्रावर पांढरा रंग फासला गेला. 1892 मध्ये चर्चची दुरुस्ती चालू असताना फळ्या काढून आवारात टाकल्या, पाऊस आला, रंग धुऊन गेला आणि चित्र वर आलं. गोष्ट झकास आहे. पण ती संपते तिथेच आपलं काम सुरू होतं.

चित्राच्या मध्यभागी एका क्रुसाची आणि त्याच्या दोन्ही बाजूंना दोन माणसांची आकृती आहे, पण तिथे रंगच नाही. कारण त्या जागी कोरीव मूर्ती होत्या: क्रुसावरचा ख्रिस्त, मरिया आणि योहान. लॅबमध्ये मास्क लावून कोटिंग केलं की मास्कखालची जागा कोरी राहते, तसंच हे. मूर्ती धर्मसुधारणेत काढून टाकल्या गेल्या, त्यांच्या कडा राहिल्या.

यावरून काय म्हणता येतं? मूर्तींची जागा आणि बाह्यरेषा कळते. चित्र त्यांना धरूनच आखलं होतं, हेही कळतं. त्यांचा रंग किंवा कारागीर मात्र यातून कळत नाही. अनुमानाची हद्द इथेच आखायची.

आता मूळ मुद्दा. आज कुणी म्हणालं की या चित्राची मांडणी विस्कळीत आहे, मधला भाग ओका वाटतो, तर ती टीका चुकीच्या वस्तूवर आहे. आपण अर्धी कलाकृती पाहून पूर्णाला मार्क देतोय. मूर्ती मनात परत उभ्या करा, म्हणजे न्यायनिवाडा क्रुसाभोवती घडताना दिसेल.

आणखी एक थर आहे. याच फळ्यांवर पुढे बायबलमधला, राज्यकर्त्यांची आज्ञा पाळा अशा आशयाचा मजकूर लिहिला गेला. म्हणजे ज्या फळ्यांवर राजा उघडा उभा होता, त्याच फळ्यांवरून राजाज्ञा पाळायला सांगितलं गेलं. झाकणं हेसुद्धा एक विधान असतं.

तेव्हा पुढचा आलेख किंवा हस्तलिखित हाती आलं की वहीत दोन रकाने करा: काय आहे, आणि कुठे काहीच नाही. दुसरा रकाना रिकामा राहिला, तर पुन्हा एकदा बघा.