हींव, हिम आणि मराठी लेखणी

मनुष्य परदेशीं गेला म्हणजे आधीं त्याचा वेष बदलतो, मागाहून चालरीत बदलते आणि भाषा सर्वांच्या शेवटीं बदलते, असें सामान्यतः समजलें जातें. या तीन गोष्टींचा एकत्र विचार आमच्या साहित्यशास्त्रांत फार पूर्वीं झालेला आहे, आणि त्याचा संबंध वाशीमशीं आहे, हें पुष्कळांस ठाऊक नसतें. राजशेखरानें ‘काव्यमीमांसें’त एक कथा सांगितली आहे. रागानें घर सोडून निघालेल्या काव्यपुरुषाच्या मागोमाग साहित्यविद्यावधू देशोदेशीं फिरते. ती जेथें जो वेष करते, जो विलास दाखविते, जें बोलते, तें त्या त्या देशाचें होऊन राहतें. आणि शेवटीं विदर्भांतील वत्सगुल्म नगरांत दोघांचा विवाह होतो. हें वत्सगुल्म म्हणजे वाकाटकांच्या एका शाखेची राजधानी, आजचें वाशीम. राजशेखरानें वेषाच्या रचनेस प्रवृत्ति, विलासाच्या रचनेस वृत्ति आणि वचनाच्या रचनेस रीति अशीं नांवें दिलीं आहेत.

कथेंतील वधूचें अनुकरण तेथल्या स्त्रिया करतात. परदेशीं पोट भरावयास किंवा विद्या मिळवावयास गेलेल्या मनुष्याची गोष्ट नेमकी उलटी असते. अनुकरण त्यास करावें लागतें. अमेरिकेच्या हिवाळ्यांत तर त्यावांचून सुटकाच नसते. मग अशा मनुष्याची वचनरचना, म्हणजे मराठी लेखणी, त्या हिवाळ्यास कशी सामोरी गेली, हा प्रश्न टीकाकारानें विचारण्याजोगा आहे. आम्ही तो दोन जुन्या उदाहरणांवरून विचारणार आहों.

पहिलें उदाहरण आनंदीबाई जोशी यांचें. त्या १८८३ च्या जूनमध्यें न्यूयॉर्कला उतरल्या, फिलाडेल्फियाच्या स्त्रियांच्या वैद्यकीय महाविद्यालयांत शिकल्या आणि ११ मार्च १८८६ रोजीं त्यांना पदवी मिळाली. या अवधींत त्यांनीं तीन हिवाळे काढले. नऊवारी लुगड्यानें पोटऱ्या उघड्या पडत, म्हणून त्यांनीं गुजराथी पद्धतीनें साडी नेसण्यास आरंभ केला. राहण्याच्या खोलींतील शेगडी धड पेटत नसे, धूर मात्र करी. २६ फेब्रुवारी १८८७ रोजीं, बाविसावें वर्ष पुरें होण्याच्या आधींच, क्षयानें त्या पुण्यास वारल्या. काशीबाई कानिटकर यांनीं लिहिलेल्या चरित्रामुळें त्यांच्या पत्रांतील पुष्कळ मजकूर मराठी वाचकांपर्यंत पोंचला. साडी नेसण्याची तऱ्हा बदलण्यासारखी गोष्टहि नवऱ्यास कळवावी लागे आणि तिचें कारण सांगावें लागे, यांत त्या काळच्या स्त्रीची सारी अडचण दिसून येते. राजशेखराच्या भाषेंत बोलावयाचें तर येथें प्रवृत्ति बदलली, परंतु तीहि आपल्याच घरच्या एका शेजारणीकडून उसनी घेऊन. गोऱ्या स्त्रीचा झगा त्यांनीं पत्करला नाहीं. पत्रांतून सांगितलेली थंडी ही एका देहास लागलेली थंडी आहे. तीस अलंकाराची जरूर नाहीं.

दुसरें उदाहरण पंडिता रमाबाईंचें. आनंदीबाईंच्या पदवीदानास हजर राहण्याकरितां त्या इंग्लंडाहून अमेरिकेस गेल्या, १८८८ च्या अखेरीपर्यंत तेथें राहिल्या, आणि १८८९ सालीं ‘युनायटेड स्टेट्सची लोकस्थिति आणि प्रवासवृत्त’ हें त्यांचें पुस्तक मुंबईस निर्णयसागर छापखान्यांत छापलें गेलें. पुस्तकाचें नांवच त्याचा रोख सांगतें: लोकस्थिति आधीं आणि प्रवासवृत्त मागाहून. राज्यव्यवस्था, शिक्षण, धर्मसंस्था, व्यापार, स्त्रियांची स्थिति, असा एका राष्ट्राचा पट त्यांनीं मांडला आहे. संस्कृतांत वाढलेल्या या पंडितेनें आपल्या लोकांसाठीं मराठींत लिहावें आणि परकी संस्था समजावून सांगावी, हें काम त्या काळीं कोणाहि पुरुषानें इतक्या नेटानें केलें नव्हतें, असें आमचें मत आहे. परंतु स्वतःच्या देहाचें सुखदुःख सांगण्याकडे या ग्रंथाचा कल नाहीं. लेखिका दोन पुरे हिवाळे तेथें होती. ११ ते १४ मार्च १८८८ या दिवसांत अमेरिकेच्या पूर्व किनाऱ्यावर जें प्रचंड हिमवादळ झालें, त्या काळीं ती त्याच देशांत होती. तरी ग्रंथ मिटल्यावर वाचकाच्या मनांत उरतें तें राष्ट्र. त्या राष्ट्रांत कुडकुडणारी बाई उरत नाहीं. हा दोष म्हणावा काय? आम्हांस तसें वाटत नाहीं. ज्या स्त्रीस परत येऊन ११ मार्च १८८९ रोजीं मुंबईंत शारदासदन उघडावयाचें होतें, तिला आपल्या थंडीपेक्षां विधवांचे हाल अधिक महत्त्वाचे वाटावे, हें योग्यच होतें. एवढेंच कीं, मराठी गद्याचा एक कोपरा त्यामुळें रिकामा राहिला.

तो कोपरा भरणें सोपें नाहीं. आमच्या भाषेंत हिमाची आठवण आहे, अनुभव नाहीं. ‘हिवाळा’ आणि ‘हींव’ हे दोन्ही शब्द संस्कृत ‘हिम’ या शब्दापासून आले आहेत; म्हणजे शेकोटीभोंवतीं बसून हुरडा खाणारा वाशीमकडील शेतकरी रोजच्या बोलण्यांत न पाहिलेल्या हिमाचेंच नांव घेत असतो. उलट ‘बर्फ’ हा शब्द फारशींतून आला, आणि त्याचा पदार्थ तर एके काळीं खुद्द अमेरिकेंतून आला: १८३३ मध्यें बोस्टनजवळच्या तळ्यांतील बर्फ जहाजांतून कलकत्त्यास उतरला आणि लवकरच मुंबईसहि येऊं लागला. म्हणजे मराठी मनुष्य अमेरिकेच्या हिवाळ्यांत जाण्यापूर्वींच तो हिवाळा लाकडाच्या भुशांत गुंडाळून आमच्या दारीं आला होता. परिणाम असा कीं, गोठलेलें पाणी आणि आकाशांतून उतरणारा हिमाचा कापूस या दोहोंना आम्ही एकच शब्द लावतों. मुलगा न्यूजर्सीहून ‘आज बर्फ पडला’ असें कळवितो, तेव्हां गांवाकडच्या आईच्या डोळ्यांपुढें गारपीट उभी राहते. आणि २०१४ च्या फेब्रुवारी-मार्चांतील गारपीट ज्यांनीं पाहिली, त्यांना त्या शब्दानें गंमत वाटत नाहीं, धसका बसतो.

अंकांचीहि तीच गत. वाशीमला चाळीस अंश म्हणजे वैशाखाचें ऊन; अमेरिकेंत फॅरनहाइटचे चाळीस अंश म्हणजे लोकरीचा कोट. ‘इंडियन समर’ हा शब्द ऐकून आमच्या मनुष्यास घरची आठवण व्हावी, तर त्यांतला ‘इंडियन’ तेथला मूळ रहिवासी, आणि तो उन्हाळा म्हणजे शरदांतले चार ऊबदार दिवस! दोन फेब्रुवारीस पेन्सिल्व्हेनियांतील एका गांवीं बिळांतल्या प्राण्याला त्याची सावली दिसली, तर हिवाळा आणखी सहा आठवडे टिकणार, असें भाकीत करतात; ही चाल तेथें १८८७ पासून चालत आली आहे. हें ऐकून हंसणाऱ्या वऱ्हाडी वाचकास भेंडवळची घटमांडणी दाखवावी, म्हणजे त्याचें हंसूं थांबेल आणि अर्थ कळेल. चांगला लेखक हेंच करतो. परकी चाल तो आपल्या चालीच्या शेजारीं आणून ठेवतो.

वाक्प्रचारांत मात्र अधिक खोल पाणी आहे. इंग्रजीच्या मनांत प्रेम उष्ण आहे आणि परकेपणा थंड. आमचा देश तापणारा. म्हणून आमचें समाधान थंड आहे. आमचे डोळे निवतात, जीव निवतो, आणि रागावलेला मनुष्य तापतो. थंडीला वाईट अर्थ नाहींच असें नव्हे, ‘थंडा कारभार’ आमचाच. पण तेथें दोष मंदपणाचा आहे, निष्ठुरपणाचा नाहीं. असें असतां अलीकडील लेखांतून ‘उबदार स्वागत’ सर्रास दिसतें. ‘ऊब’ हा शब्द आमचा आहे, गोड आहे. परंतु तो गोधडीचा आणि आईच्या कुशीचा आहे, दारांतल्या पाहुण्याचा नव्हे. पाहुण्याचें स्वागत आम्ही जिव्हाळ्यानें करतों. आणि जिव्हाळा म्हणजे मुळांत विहिरीला लागलेला झरा! ज्या भाषेनें मायेसाठीं पाण्याचा झरा निवडला, तिच्या लेखकानें शेकोटी उसनी कां आणावी?

येथें कोणी म्हणेल कीं, जो मनुष्य हिमांत राहतो त्याची माया उष्ण होणारच. भाषा देशाप्रमाणें बदलूं द्या. हें म्हणणें आम्हांस अंशतः मान्य आहे. पंचवीस वर्षें बर्फ उपसलेल्या मनुष्यानें ‘जीव निवला’ न म्हणतां ‘जीवाला ऊब आली’ म्हटलें, तर तें त्यानें मिळविलेलें वचन आहे आणि मराठीनें तें आनंदानें घ्यावें. आमची तक्रार न मिळविलेल्या वचनाविरुद्ध आहे. इंग्रजींतून शब्दास शब्द ठेवून आलेलें वाक्य ना तेथल्या थंडींतलें असतें, ना येथल्या उन्हांतलें.

आणि हा केवळ शैलीचा प्रश्न नव्हे. आज वऱ्हाडांतल्या कित्येक घरांतील मुलगा किंवा सून अमेरिकेंत आहे. आठवड्यास बोलणें होतें, चेहराहि पडद्यावर दिसतो. आई विचारते, ‘थंडी फार आहे का रे?’ उत्तर येतें, ‘घरांत हीटर आहे, कांहीं त्रास नाहीं.’ तें खोटें नसतें. पण चार वाजतां अंधारणारी संध्याकाळ, दिवसभर बंद असलेलीं दारें, रस्त्यावर एकहि मनुष्य न दिसणें, हें त्या उत्तरांत येत नाहीं, कारण तें सांगण्यास आईच्या ओळखीचे शब्द मुलाजवळ उरलेले नसतात, आणि ते शोधून देण्याचें काम वाङ्मयाचें होतें. आनंदीबाईंना धूर आणि थंडी यांचें नांव घेतां आलें, म्हणून त्यांचे हाल आज आम्हांस ठाऊक आहेत.

रमाबाईंनीं मराठीला अमेरिकेचें राष्ट्र दाखविलें. आनंदीबाईंच्या पत्रांनीं तेथलें हींव दाखविलें. या दोन दृष्टि एका ग्रंथांत आणणारा लेखक परदेशस्थ मराठी मंडळींतून पुढें यावा, अशी आमची इच्छा आहे. त्याच्या पुस्तकाची परीक्षा आम्ही एकाच रीतीनें करूं: माघांतल्या रात्रीं वाशीमच्या एखाद्या घरांत तें मोठ्यानें वाचावें, आणि जिनें जन्मांत हिम पाहिलें नाहीं त्या आजीनें ऐकतां ऐकतां गोधडी अंगावर ओढून घेतली, तर पुस्तक उतरलें असें समजावें.