निरोप घेण्याची शिस्त

पेन ड्राइव्ह उपसण्याआधी संगणकाला तसे सांगावे, असे आपण विद्यार्थ्यांना बजावतो. ‘का?’ असे कोणी विचारले, तर मात्र ‘नाहीतर बिघडतो’ यापलीकडे आपले उत्तर जात नाही. म्हणून आम्ही लिनक्स या ऑपरेटिंग सिस्टिमचा यूएसबी साठवण-साधनांसाठीचा ड्रायव्हर वाचायला घेतला. लिनस टोरवाल्ड्स यांनी १९९१ साली सुरू केलेल्या या प्रणालीतील प्रोग्रॅम कोणालाही वाचता येतात.

साधन अचानक उपसले, तर हा ड्रायव्हर प्रथम ‘साधन गेले’ अशी खूण करतो, म्हणजे नवे काम स्वीकारले जात नाही. अर्धवट राहिलेली कामे ‘चूक’ असे कळवून संपवतो आणि शेवटी अडवलेली स्मृती सोडतो. हा क्रम महत्त्वाचा आहे. कोणी वापरत असतानाच स्मृती मोकळी केली, तर सारा संगणक कोलमडू शकतो. म्हणून वापरणाऱ्यांची मोजदाद ठेवलेली असते. वाचनालयातला शेवटचा वाचक उठल्यावरच दिवा मालवावा, तसेच हे. हा काटेकोरपणा आम्हांला आवडला.

आमची तक्रार वेगळी आहे. आपण साठवलेला मजकूर लगेच पेन ड्राइव्हवर जातोच असे नाही. नेहमीच्या मांडणीत तो सुमारे ३० सेकंद संगणकाच्या स्मृतीतच थांबू शकतो. प्रोग्रॅमला मात्र ‘लिहिले’ असे उत्तर तत्काळ मिळते. तेवढ्यात साधन उपसले, तर ड्रायव्हर आपले घर नीट आवरतो, पण मजकूर जातो. आणि ही बातमी बहुधा प्रणालीच्या नोंदवहीतच पडून राहते. गुणपत्रक साठवले असे समजून घरी निघालेल्या शिक्षकाला ती कोण सांगणार?

दोष एकट्या ड्रायव्हरचा नाही. त्याला फाइल कळत नाही, फक्त माहितीचे ठोकळे कळतात. दोष आहे तो काम पुरे होण्याआधी ‘झाले’ म्हणणाऱ्या एकूण रचनेचा. मायक्रोसॉफ्टने २०१८ साली विंडोज १० मध्ये झटपट काढण्याची सोय हीच मूळ मांडणी केली. त्यात वेग थोडा कमी होतो, पण धोकाही घटतो. आम्हांला हा सौदा रास्त वाटतो.

वर्गात एक प्रयोग करावा. लिनक्सवर एक मोठी फाइल पेन ड्राइव्हवर उतरवा. ‘झाले’ असे दिसताच साधन काढण्याची आज्ञा द्या आणि परवानगी मिळेपर्यंतचे सेकंद घड्याळावर मोजा. ‘का?’ या प्रश्नाचे उत्तर त्या सेकंदांत आहे.